आधी पिन पालथी घाला : डिस्नेच्या पिना जमवायला लागलेल्यांसाठी

गेल्या दिवाळीत माझी आतेबहीण फ्लोरिडाहून भुसावळला आली आणि तिनं माझ्या भाचीच्या ओंजळीत डिस्नेच्या पार्कातल्या सात पिना ओतल्या, म्हणजे टोपीला किंवा कपड्याला टोचायच्या धातूच्या छोट्या चित्रांच्या पिना. मिकीचं डोकं, एक किल्ला, एक उडता हत्ती, असलं काय काय. भाचीनं त्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "मामा, यातली सगळ्यात जुनी कोणती?" मी म्हटलं, सगळ्या पालथ्या घाल, मग सांगतो.

नव्यानं पिना जमवणारे बहुतेक जण चित्राला भुलतात. चित्र आवडलं पाहिजेच, नाहीतर जमवायचं कशाला? पण पिन कधीची, कुठली, खरी की खोटी, हे पाठीवर लिहिलेलं असतं. खाली जे सांगतोय त्यातला निम्मा भाग पाठीचा आहे.

तारीख एकच पाठ करा

आपल्याकडे असल्या वस्तूला बिल्ला म्हणतात. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला, गणपती मंडळाच्या कार्यकर्त्याचा बिल्ला, निवडणुकीतला छातीवरचा बिल्ला. घालणारा कोण, कुठला, हे चारचौघांत सांगणं एवढंच त्याचं काम. अमेरिकेतली पिनही आधी हेच काम करायची. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात हाइन्झ कंपनीनं काकडीच्या लोणच्याच्या आकाराचा छोटा बिल्ला फुकट वाटून गर्दी खेचली होती. 1930 च्या आसपास सिनेमा थिएटरांतल्या मिकी माउस क्लबमध्ये पोरांना पत्र्याचे गोल बिल्ले मिळायचे. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, 1 ऑक्टोबर 1971 ला फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, आणि तिथल्या दुकानांत पिना मिळू लागल्या. पण त्या आठवण म्हणून. जत्रेतून आणलेल्या पिपाणीसारख्या. टोपीला लावल्या, घरी आल्यावर खणात गेल्या.

मग आली 1 ऑक्टोबर 1999 ही तारीख. नव्या सहस्रकाच्या सोहळ्याच्या निमित्तानं फ्लोरिडाच्या पार्कात डिस्नेनं पिनांची अदलाबदल सुरू केली. कल्पना ऑलिम्पिकवरून उचललेली होती. खेळाडू आणि प्रेक्षक तिथं आधीपासून पिना बदलत होते, आणि 1988 च्या कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कोका-कोलानं त्यासाठी वेगळं केंद्रच उघडलं होतं. डिस्नेनं आपल्या नोकरांच्या गळ्यात पट्टे घातले, पट्ट्यांवर पिना लावल्या आणि पाहुण्यांना सांगितलं, तुमची द्या, यातली घ्या. पुढच्या वर्षी हे लोण कॅलिफोर्नियाला पोचलं.

त्या दिवसापासून पिनेचा स्वभाव बदलला. आधी ती घालायची वस्तू होती, आता ती चालवायची वस्तू झाली, जवळजवळ नाण्यासारखी. नाणं म्हटलं की खोटं नाणंही आलंच. त्यावर पुढे बोलू. तुमच्या हातातली पिन 1999 च्या अलीकडची की पलीकडची, हे ओळखता येणं ही पहिली पायरी.

पाठ कशी वाचायची

उजेडात बसा. संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली नको, सकाळी ओट्यावर किंवा गॅलरीत बसा. एक भिंग घ्या, शाळेच्या कंपासपेटीतलं स्वस्त भिंगही चालेल.

आधी मालकाचं नाव बघा. कॉपीराइटच्या गोल खुणेशेजारी "वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स" अशी इंग्रजी अक्षरं असतील तर मान ताठ करून बसा. त्या कंपनीचं हे नाव 1986 च्या सुरुवातीला बदललं आणि "द वॉल्ट डिस्ने कंपनी" झालं. म्हणजे तो मजकूर त्याआधीचा. नुसतं "डिस्ने" असेल तर बहुधा नंतरचा. भाचीच्या सातांपैकी एकाही पिनेवर "प्रॉडक्शन्स" नव्हतं. तिचा चेहरा पडला, पण खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं.

मग पिन ट्रेडिंगचं, म्हणजे या अदलाबदलीचं, अधिकृत चिन्ह आहे का ते बघा. त्यात पुष्कळदा सालही असतं. हे चिन्ह असलं की पिन 1999 नंतरची, यात शंका नाही. मात्र साल नसलं म्हणून पिन जुनी ठरत नाही. ही चूक मी स्वतः वर्षभर केली आहे.

नंतर पोत. जुन्या पिनांची पाठ साधी, गुळगुळीत किंवा बारीक दाणेदार असते. नंतरच्या पुष्कळ पिनांच्या पाठीवर मिकीच्या डोक्याची बारीक नक्षी सगळीकडे उमटवलेली दिसते, डब्यातल्या शंकरपाळ्यांसारखी दाटीवाटीनं. खरंखोटं ओळखताना ही नक्षी पुन्हा लागणार आहे.

शेवटी मागची चाप. पंखांसारखे दोन कान दाबायची धातूची चाप, किंवा मिकीच्या डोक्याच्या आकाराची काळी रबरी चाप. तिच्यावरून वय ठरवायला जाऊ नका. चापा हरवतात, बदलतात, एकीची दुसरीला लागते. लोणच्याच्या बरणीवर जॅमचं झाकण बसलं म्हणून आत जॅम आहे असं आपण म्हणत नाही.

आता चित्र बघा, पण नाव वाचण्यासाठी

पार्कांची आणि तिथल्या पाळण्यांची, म्हणजे राइड्सची, नावं बदलत गेली, आणि पिनांवर जुनी नावं तशीच राहिली. औरंगाबाद लिहिलेला जुना एसटीचा बोर्ड दिसावा तसंच हे. फ्लोरिडातलं एक पार्क 1989 ला "डिस्ने-एमजीएम स्टुडिओज" म्हणून उघडलं, 2008 ला त्याचं "हॉलिवूड स्टुडिओज" झालं. पॅरिसचं पार्क 1992 ला "युरो डिस्ने" नावानं सुरू झालं आणि दोनच वर्षांत "डिस्नेलँड पॅरिस" झालं, त्यामुळे युरो डिस्नेचं नाव असलेल्या पिनेचा काळ फारच आखूड. फ्लोरिडातल्याच आणखी एका पार्काचं "एपकॉट सेंटर" हे पूर्ण नाव 1982 पासून 1993 पर्यंत चाललं. स्प्लॅश माउंटन हा पाण्यातला पाळणा अमेरिकेतल्या दोन्ही पार्कांत 2023 ला बंद झाला आणि 2024 ला त्याच जागी टियाना राजकन्येच्या नावाचा पाळणा आला. बंद झालेल्या पाळण्याची पिन लोक हळवेपणानं शोधतात.

वर्धापनदिनही मदतीला येतात. कॅलिफोर्नियाच्या पार्काची पन्नाशी 2005 ला झाली, फ्लोरिडाची 2021 ला, आणि कंपनीची शंभरी 2023 ला. "50" असा आकडा दिसला तर कुठलं पार्क ते बघितल्याशिवाय साल सांगू नका. दोन पन्नाशींत सोळा वर्षांचं अंतर आहे.

इथं एक खाच आहे. कंपनी स्वतःच जुनी नावं, जुने रंग, जुनी चिन्हं वापरून नव्या पिना काढते, लोकांना जुनं आवडतं म्हणून. भाचीच्या एका पिनेवर ऐंशीच्या दशकातलं एपकॉटचं चिन्ह होतं आणि ती नाचायलाच लागली. पालथी घातली, तर मागं मिकीच्या नक्षीची पाठ. चित्र जुनं, पिन नवी. म्हणून तर म्हणतो, पाठ आधी.

मीना की रंग

इंग्रजीत या पिनांना इनॅमलच्या म्हणतात. इनॅमल म्हणजे मीना, हे जळगावच्या सराफ बाजारात कुणीही सांगेल. तिथं ओळखीचे एक कारागीर आहेत, त्यांच्यापुढे मी एकदा दोन पिना ठेवल्या. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पिनेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, आणि दोन्ही परत माझ्याकडे सरकवल्या. "हा मीना नाही भो, हा रंग आहे. चांगला आहे, पण रंग आहे."

खऱ्या मीनाकामात धातू कोरून खळगे करतात, त्यात काचेची रंगीत पूड भरतात आणि भट्टीत घालतात. काच वितळून धातूला धरते. क्लॉइझॉने या पद्धतीत कोरण्याऐवजी बारीक तारेच्या भिंती उभारून घरं करतात. पिनेत दोन्ही नाही. पोलादी ठशानं धातूच्या पत्र्यावर दाब मारला की रेषा उंच राहतात आणि मधली घरं खोल जातात, त्या घरांत रंग भरतात. काही जुन्या चांगल्या पिनांत खरी काच सापडते. आजच्या बहुतेकांत ती नसते.

रंगाच्या दोन जाती लक्षात ठेवा, त्या नखानं कळतात. नख फिरवताना धातूच्या रेषा कड्यांसारख्या लागल्या आणि रंग खाली बसलेला वाटला, तर ते सॉफ्ट इनॅमल. सगळं फरशीसारखं एका पातळीवर लागलं, तर हार्ड इनॅमल. त्यात रंग काठोकाठ भरून, भाजून, वरून घासून पॉलिश करतात. काहींवर वरून पारदर्शक घुमट असतो, तो इपॉक्सीचा, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या रसायनाचा. आणि काहींत रंगच नसतो, नुसतं छापील चित्र घुमटाखाली चिकटवलेलं. नव्या पिनांत सरकणारे, फिरणारे, एकावर एक जोडलेले भाग येतात. पाहायला गंमत, पण जितके जोड जास्त तितकी मोडायची भीती जास्त. मला स्वतःला सपाट, घासलेली, दोन-तीन रंगांची साधी पिन सगळ्यात देखणी वाटते. भाचीला सरकणारा हत्ती.

आवृत्त्यांची भाषा

1999 नंतर पिनांच्या जाती वाढल्या. ओपन एडिशन म्हणजे दुकानात मिळेल तोवर मिळेल. लिमिटेड रिलीज म्हणजे थोड्या काळापुरती. लिमिटेड एडिशन म्हणजे आकडा ठरलेला, काही शे ते काही हजार, आणि तो पाठीवर लिहिलेला. मिस्टरी पाकिटात आत काय ते फोडल्याशिवाय कळत नाही. शाळेबाहेरच्या टपरीवर क्रिकेटपटूंच्या फोटोंची बंद पाकिटं मिळायची, तोच चटका.

नवख्यानं खरं लक्ष द्यावं असं म्हणजे हिडन मिकी. 2002 पासून नोकरांच्या पट्ट्यांसाठी खास मालिका निघू लागल्या. आधी त्यांचं नाव वेगळं होतं, नंतर हिडन मिकी झालं, कारण चित्रात कुठंतरी मिकीच्या डोक्याची मुगाच्या डाळीएवढी रुपेरी खूण दडलेली असते. या पिना दुकानात विकत घ्यायच्या नव्हत्या, बदलूनच मिळवायच्या. अदलाबदलीच्या खेळातला हा सगळ्यात निर्मळ भाग होता असं माझं मत. पैसेवाल्याला आणि शाळकरी पोराला तिथं सारखीच संधी होती.

खोटी पिन

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पन्नास पिनांचा गठ्ठा मागवला. एकीची किंमत पार्कातल्या किमतीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी पडत होती. घरी आलं तेव्हा सगळ्यांना बोलावून फोडलं. पन्नास पिनांत एकच मिकी नऊ वेळा निघाला. आबांनी एक उचलून बघितली आणि म्हणाले, "याच्या डोळ्यातलं काजळ फिसकटलंय." खरंच, डोळ्यातल्या बाहुलीचा काळा रंग रेषेबाहेर आला होता.

अशा पिनांना जमवणारे स्क्रॅपर म्हणतात. काही ठशावरून चोरून काढलेल्या असतात, काही कारखान्यात नापास झालेल्या. ओळखायच्या खुणा अशा. कडेवरून बोट फिरवा, खरखर लागते. रंग घरात पुरा भरलेला नसतो, मध्ये खड्डा किंवा बुडबुडा दिसतो. रंगाची छटा चुकते, लालाचा गुलाबी होतो. आणि पाठीवरची ती मिकीची नक्षी. चांगल्या पिनेत नक्षी थेट काठापर्यंत जाते आणि काठावर कापली गेल्यासारखी दिसते. पुष्कळ खोट्यांत काठालगत एक कोरी किनार सुटलेली असते, साडीच्या काठासारखी. माझ्या पन्नासांपैकी निम्म्याहून जास्त पिनांना ती किनार होती.

एका खुणेवर निकाल देऊ नका. खऱ्या पिनांतही कधी कधी किनार दिसते, आणि खोटं करणारेही शिकतात. दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर समजायचं. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. खऱ्या पिना लोखंडाच्याही असतात, पितळेच्याही आणि जस्ताच्या मिश्रधातूच्याही, त्यामुळे चिकटली किंवा नाही चिकटली यावरून काही ठरत नाही. सगळ्यात पक्की खूण किमतीची. गठ्ठ्यानं, मातीमोल भावात, एकसारख्या पिना मिळत असतील तर त्या का मिळतायत, हे स्वतःला विचारा. मी विचारलं नाही.

त्या पन्नास अजून आहेत. भाचीच्या दप्तराला लावल्यात. पार्कात कुणाला मात्र देणार नाही. खोटी नोट पुढं सरकवण्यासारखंच ते.

पार्कात गेलात तर

खानदेशातून मुलांची सहल बहुधा खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाते. पण हल्ली नोकरीच्या निमित्तानं घरटी एखादा परदेशी असतोच, आणि हाँगकाँगचं डिस्नेलँड 2005 पासून आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहे. गेलात तर रीत माहीत असू द्या.

तिथल्या नोकराला कास्ट मेंबर म्हणतात. त्याच्याशी बदलताना एका वेळी एकच पिन. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे एका कास्ट मेंबरकडून एका दिवसात जास्तीत जास्त दोन. तुमची पिन धातूची, डिस्नेची खूण असलेली हवी, आणि त्याच्या पट्ट्यावर आधीच असलेली नको. रबरी किंवा प्लॅस्टिकची चालत नाही. चाहत्यांनी स्वतः बनवलेली "फँटसी" पिनही चालत नाही, कितीही सुंदर असली तरी. देताना मागची चाप लावूनच द्या, नाहीतर टोक समोरच्याच्या बोटात जाईल. दुसऱ्याच्या पट्ट्याला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं आणि विचारायचं. पैसे मध्ये आणायचे नाहीत. पूर्वी हिरवा पट्टा घातलेला नोकर फक्त लहान मुलांशी बदलायचा, हे मला फार आवडायचं.

2020 च्या साथीत पार्कं बंद पडली, आणि उघडल्यावर गळ्यातले पट्टे काही काळ बाजूला गेले. त्यांची जागा पिनांच्या फळ्यांनी घेतली. हात न लावता बोट दाखवा, माणूस काढून देईल. फळ्यावर निवड मोठी असते, पण पट्टेवाल्या माणसाशी होणाऱ्या दोन गप्पा त्यात हरवल्या.

जाताना दहा-बारा साध्या ओपन एडिशन पिना घेऊन जा. मर्यादित आवृत्तीच्या पिना घरी ठेवा. पहिल्या दिवशी भुलून माणूस चांगली पिन देऊन साधी घेतो, मग हॉटेलवर येऊन हळहळतो.

घरी आणल्यावर : ऊन आणि चिंच

हा भाग परदेशी पुस्तकांत मिळणार नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. इपॉक्सीच्या घुमटावर ऊन पडत राहिलं तर तो पिवळा पडतो आणि पुन्हा स्वच्छ होत नाही. चिकटवलेले भाग सुटतात. रबरी चापा चिकट होतात आणि धातूवर डाग सोडतात. म्हणून पिनांचा फळा पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, गाडीच्या काचेमागं ठेवू नका, गच्चीच्या खालच्या पोटमाळ्यावर तर नकोच. खालच्या मजल्यावरचं, आतल्या भिंतीचं कपाट बरं. कॉर्कच्या फळ्यापेक्षा मऊ कापड लावलेला डबा मला जास्त भरवशाचा वाटतो. पावसाळ्यात टोकांना गंज धरतो, त्यासाठी बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या आत टाकून ठेवा.

आणि आईला सांगून ठेवा. माझ्या आईनं एका पिनेची कड काळवंडलेली बघून, देवाची भांडी घासताना तीही चिंचेनं घासली. प्रेमानं केलं. कडेचा सोनेरी मुलामा गेला आणि खालचा करडा धातू वर आला. घासायचं नाही, लिंबू नाही, रांगोळी नाही. मऊ कोरड्या कापडानं पुसायचं, बस्स.

आणायच्या कशा

पार्सलनं मागवताना "भेटवस्तू" लिहिलं की कस्टम लागत नाही, हा समज आता सोडा. 2019 च्या अखेरीस भेट म्हणून माल सोडवून घेण्यावर सरकारनं बंदी आणली. अपवाद राखीचा आणि जीवनरक्षक औषधांचा. शुल्क भरून मागवता येतं, पण दोन पिनांसाठी ते अंगावर येतं. त्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानात चार पिना सहज मावतात.

भाचीनं आतेबहिणीला यादी पाठवलीय. एमजीएम लिहिलेली एक, स्प्लॅश माउंटनची एक, आणि कुठलाही हिडन मिकी, "पण मावशी, आधी पाठीचा फोटो पाठव." तिकडून उत्तर आलं, फोटो पाठवते, बदल्यात रावेरच्या केळीच्या वेफर्सची दोन पाकिटं आणि कळण्याचं पीठ. भाचीनं मला विचारलं, "दोन पाकिटांना तीन पिना, बरोबर आहे का हो मामा?" मी म्हटलं, पीठ धरून सांग.